पीएलएलचा नॉइज कमी करायचाय, पण करंट न वाढवता

आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी किंवा अॅनालॉग सर्किटमधे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हिंजवडीत विचारा नाहीतर बाणेरला, की बाबा पीएलएलचा (फेज लॉक्ड लूपचा, म्हणजे ऑसिलेटरला क्रिस्टलच्या तालावर ठेवणाऱ्या सर्किटचा) नॉइज कमी कसा करायचा, तर पहिलं उत्तर येणार "करंट वाढव". ते चूक नाहीये. सर्किट जसंच्या तसं ठेवून सगळे इम्पीडन्स निम्मे केले आणि करंट दुप्पट केला की नॉइज ३ डीबीनं उतरतो, हे गणितच आहे. पण जरा हिशोब लावा, जिटर, म्हणजे लहरीच्या वेळेतली थरथर, निम्मा हवा असेल तर ६ डीबी लागतात म्हणजे पॉवर चौपट, २० मिलीवॅटचा पीएलएल थेट ८० मिलीवॅटवर. आणि बॅटरीवाल्या डिझाइनमधे हे बजेट तुम्हाला कोणीही देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा सौदा तेव्हाच करावा लागतो जेव्हा सर्किटमधलं बाकी सगळं आधीच नीट बसलेलं असतं. आणि बहुतेक बोर्डांवर ते बसलेलं नसतं. नॉइज एका ठिकाणाहून येत असतो आणि लोक करंट भलत्याच ठिकाणी ओतत असतात.

ज्यांना पीएलएल फक्त कॉलेजच्या लॅबमधल्या ५६५ आयसीपुरता आठवतोय त्यांच्यासाठी पटकन सांगतो. घरातलं भिंतीवरचं घड्याळ कधी पुढं जातं कधी मागं पडतं, म्हणून आपण ते रोज रेडिओच्या बातम्यांच्या वेळेशी ताडून बघतो आणि काटा थोडा सरकवतो, पीएलएल अगदी हेच करतो, फक्त सेकंदाला लाखो वेळा. व्हीसीओ म्हणजे व्होल्टेज देऊन ज्याची फ्रिक्वेन्सी कमीजास्त करता येते असा ऑसिलेटर, वेगवान पण लहरी. क्रिस्टल म्हणजे संथ पण शिस्तीचा. डिव्हायडर व्हीसीओच्या फ्रिक्वेन्सीला भागून क्रिस्टलच्या पातळीवर आणतो, फेज डिटेक्टर दोघांच्या एज, म्हणजे लहरीच्या चढत्या कडा, जुळतायत का ते बघतो, चार्ज पंप त्या फरकाएवढा करंट सोडतो, लूप फिल्टर त्या करंटचं गुळगुळीत व्होल्टेज करतो आणि ते परत व्हीसीओला जातं. झालं चक्र पूर्ण, आणि दोघं जुळले की लूप लॉक झाला म्हणतात. ही कल्पना जुनी आहे बरं का, फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मधे रेडिओ रिसीव्हरसाठी मांडली होती.

आता नॉइज म्हणजे इथं कानाला ऐकू येणारा आवाज नाही. ३ गिगाहर्ट्झची लहर दर ३३३ पिकोसेकंदांनी शून्य ओलांडायला हवी, ती कधी जरा आधी ओलांडते कधी जरा नंतर, या थरथरीला जिटर म्हणायचं. तीच थरथर स्पेक्ट्रमवर बघितली की मधल्या सुईसारख्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उतरता पदर दिसतो, तो फेज नॉइज. तो मोजतात डीबीसी पर हर्ट्झमधे, म्हणजे मुख्य सिग्नलपासून इतकं लांब गेल्यावर एका हर्ट्झमधे किती डीबी खाली आहे ते.

याचं महत्त्व बघायला पुण्याबाहेर फार लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून एकच दुर्बीण असल्यासारखं वागायचं असतं. त्यासाठी सगळीकडे एकच रेफरन्स ऑप्टिकल फायबरनं पोचवावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणचा ऑसिलेटर त्याच्याशी फेजमधे बांधलेला राहावा लागतो. तिथं निदान बॅटरी संपायची भीती नाही. पण त्याच भागात कुणाच्या द्राक्षाच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा वायरलेस सेन्सर लावलेला असेल तर तो एका छोट्या सेलवर दोन दोन वर्षं काढायची अपेक्षा असते, आणि त्याच्या रेडिओमधेही पीएलएल आहेच. तिथं एक एक मिलीअँप मोजून घ्यावा लागतो.

तर सगळ्यात आधी नॉइज कुठला ते ओळखायचं. पीएलएलमधे दोन प्रकारचे गुन्हेगार असतात. क्रिस्टल, डिव्हायडर, फेज डिटेक्टर आणि चार्ज पंप यांचा नॉइज लूपच्या बँडविड्थच्या (लूप जेवढ्या वेगाचे बदल दुरुस्त करू शकतो त्या हद्दीच्या) आत दिसतो, म्हणजे मधल्या रेषेजवळ. व्हीसीओचा नॉइज बँडविड्थच्या बाहेर दिसतो, कारण आतला भाग लूप दुरुस्त करत असतो आणि बाहेरचा त्याला झेपत नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर रेषेशेजारी सपाट खांदा दिसला तर पहिला गट दोषी, खांद्यापलीकडची उतरण वर चढलेली दिसली तर व्हीसीओ. हे न बघता व्हीसीओचा करंट वाढवला आणि रोग खांद्यातच होता तर एक डीबीसुद्धा हलत नाही, फक्त चिप गरम होते.

आतल्या गटाचा नॉइज इतका मोठा का दिसतो हे एकदा नीट बघून घेऊ, कारण खरा खजिना इथं आहे. क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा धरा, त्याची एक सायकल ४० नॅनोसेकंदांची. फेज डिटेक्टरची १ पिकोसेकंदाची चूक झाली. ४० नॅनोसेकंदांत १ पिकोसेकंद म्हणजे ४०,००० मधला एक भाग, काहीच नाही. पण लूप आज्ञाधारक आहे, तो ती चूक खरी मानून व्हीसीओलाही १ पिकोसेकंद सरकवतो, आणि व्हीसीओची सायकल आहे ३३३ पिकोसेकंदांची, म्हणजे तिथं तीच चूक ३३३ मधला एक भाग झाली. फेजमधे १२० पट. हा १२० म्हणजेच आपला डिव्हायडरचा आकडा, एन. डीबीमधे वीस लॉग एन, साधारण ४१.६ डीबी. एवढ्या जाड भिंगातून आपण चार्ज पंपचा नॉइज बघत असतो!

म्हणून एन लहान ठेवायचा, म्हणजेच फेज डिटेक्टर जितक्या जास्त फ्रिक्वेन्सीला चालवता येईल तितका चालवायचा. एडीएफ ४३५१ ही चिप बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेली असते, ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झ देणारी, तिचे २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर लावलेले तयार बोर्ड सर्रास मिळतात. समजा चिपचा नॉर्मलाइज्ड नॉइज, म्हणजे एन आणि डिटेक्टरची फ्रिक्वेन्सी बाजूला काढून उरणारा तिचा स्वतःचा आकडा, -२२० आहे. त्यात दहा लॉग डिटेक्टरची फ्रिक्वेन्सी आणि वीस लॉग एन मिळवले की आतला नॉइज मिळतो. आता एका मुलानं जुन्या पुस्तकातली पद्धत वापरली, मला २०० किलोहर्ट्झच्या पायऱ्या हव्यात म्हणून डिटेक्टरही २०० किलोहर्ट्झला चालवला, तर ३ गिगाहर्ट्झसाठी एन झाला १५,०००. हिशोब -२२० अधिक ५३ अधिक ८३.५, म्हणजे -८३.५. दुसऱ्यानं डिटेक्टर पूर्ण २५ मेगाहर्ट्झला चालवला आणि बारीक पायऱ्या फ्रॅक्शनल मोडकडून (यात एन अपूर्णांकही चालतो) घेतल्या, त्याचा हिशोब -२२० अधिक ७४ अधिक ४१.६, म्हणजे -१०४.४. तब्बल २१ डीबीचा फरक, चिप तीच, बोर्ड तोच, करंट जवळजवळ तोच, बदललं काय तर रजिस्टरमधले आकडे. हेच २१ डीबी करंटनं विकत घ्यायचे म्हटले तर सव्वाशे पट पॉवर लागली असती.

या चिपला फ्रॅक्शनल मोडमधे डिटेक्टर ३२ मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो, इंटीजर मोडमधे, म्हणजे एन पूर्णांक असताना, ९० पर्यंत. म्हणजे तुम्हाला ५० च्या पटीतल्याच फ्रिक्वेन्सी हव्या असतील तर आतला रेफरन्स डब्लर चालू करून डिटेक्टर ५० मेगाहर्ट्झला न्या, अजून ३ डीबी खिशात. लोक डब्लरचा बिट बघतसुद्धा नाहीत.

पुढची फुकटची गोष्ट, लूपची बँडविड्थ. आतला नॉइज सपाट आहे -१०४ ला आणि समजा तुमचा व्हीसीओ १०० किलोहर्ट्झवर -११० देतो आणि आत येताना दर दहापटीला २० डीबीनं चढत जातो, तर दोघं साधारण ५० किलोहर्ट्झवर एकमेकांना भेटतात. बँडविड्थ तिथंच ठेवायची. ती ५ किलोहर्ट्झ ठेवली तर ५ ते ५० च्या मधला व्हीसीओचा नॉइज कुणी आवरतच नाही, ५ किलोहर्ट्झवर तो -८४ पर्यंत वर आलेला असतो, म्हणजे जिथं -१०४ मिळू शकले असते तिथं २० डीबीचा उंटाचा कुबडा. उलट बँडविड्थ ५०० किलोहर्ट्झ ठेवली तर चांगल्या व्हीसीओवर वाईट चार्ज पंपचा नॉइज लादला जातो. बरं हे बदलायला लागतं काय, तर फिल्टरमधले दोन तीन कपॅसिटर आणि एखाद दुसरा रेझिस्टर. बँडविड्थ डिटेक्टरच्या फ्रिक्वेन्सीच्या दहाव्या भागापेक्षा खाली ठेवा म्हणजे लूप स्थिर राहतो, आणि फेज मार्जिन, म्हणजे लूप डगमगायला लागण्याआधीची शिल्लक, फार कमी ठेवू नका, नाहीतर खांद्याच्या टोकाला शिंग फुटतं आणि जिटरच्या बेरजेत तेच सगळ्यात जास्त भरतं. बागेतल्या सेन्सरला यातून अजून एक फायदा आहे, बँडविड्थ मोठी म्हणजे लॉक लवकर, लॉक लवकर म्हणजे प्रत्येक पॅकेटआधी रेडिओ कमी वेळ जागा, म्हणजे इथं बॅटरी वाचतेच.

क्रिस्टलच्या बाजूला एक साधी गोष्ट सुटते. टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारे क्रिस्टल ऑसिलेटर, बऱ्याचदा क्लिप्ड साइन देतात, ०.८ व्होल्ट पीक टू पीक. २५ मेगाहर्ट्झला अशा साइनचा शून्याजवळचा चढ साधारण ६३ व्होल्ट पर मायक्रोसेकंद. पुढच्या बफरवर १०० मायक्रोव्होल्ट नॉइज असला तर तो या चढावर १.६ पिकोसेकंदांचा जिटर होऊन बसतो. तोच नॉइज, पण एज ३.३ व्होल्टची आणि २ नॅनोसेकंदांत चढणारी असेल, तर जिटर ०.०६ पिकोसेकंद. म्हणून ऑसिलेटर निवडतानाच खणखणीत चौकोनी आउटपुट देणारा निवडा आणि ट्रेस छोटा ठेवा. मधे लांबलचक वायर टाकून ती एज बोथट करू नका.

आता सप्लाय. पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर मागा, हातात १११७ पडणार. गुणी आहे, पण डेटाशीटमधे त्याचा नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के लिहिलेला असतो, १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झमधे, म्हणजे ३.३ व्होल्टवर सुमारे १०० मायक्रोव्होल्ट. आणि स्वतःसाठी तो ५ मिलीअँपच्या आसपास करंट खातो. एलपी ५९०७ सारखा लो नॉइज एलडीओ रेग्युलेटर घेतला तर नॉइज ६.५ मायक्रोव्होल्ट, तोही १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजून, आणि लोड नसताना स्वतःचा करंट १२ मायक्रोअँप. म्हणजे नॉइज कमी आणि पॉवरही कमी, एकाच वेळी, आणि तरी लोक मला विचारतात की यात ट्रेड ऑफ काय. मर्यादा आहे, तो २५० मिलीअँपच देतो, पण एका पीएलएलला तेवढं भरपूर झालं. सप्लायचा नॉइज व्हीसीओची फ्रिक्वेन्सी थेट हलवतो म्हणून तो महत्त्वाचा, चार्ज पंपची आणि व्हीसीओची लाइन वेगळी असेल तर अजून उत्तम.

फेराइट बीडबद्दल, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवायला सप्लाय लाइनमधे घालतात त्या मण्याबद्दल, एक तक्रार आहे माझी. दिसेल त्या सप्लाय पिनला बीड आणि १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावून टाकायची सवय. कमी फ्रिक्वेन्सीला बीड म्हणजे साधा इंडक्टर असतो, तो १ मायक्रोहेन्रीचा असेल तर या कपॅसिटरबरोबर ५० किलोहर्ट्झला रेझोनन्स करतो, आणि सिरॅमिकमधे रेझिस्टन्स जवळजवळ नसल्यानं त्या ठिकाणी नॉइज दाबला जायच्या ऐवजी वर उचलला जातो. आणि तुमच्या लूपची बँडविड्थ कुठं होती? तिथंच. त्या कपॅसिटरशेजारी अजून एक मोठा कपॅसिटर लावा आणि या मोठ्याच्याच सिरीजमधे एक ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घाला, तो कुबडा बसतो. त्या रेझिस्टरमधून डीसी करंट जातच नाही, त्यामुळं पॉवर शून्य.

व्हीसीओच्या कंट्रोल लाइनवरही हाच खेळ. १ किलोओहमचा रेझिस्टर नुसता पडून असला तरी दर रूट हर्ट्झला ४ नॅनोव्होल्ट थर्मल नॉइज देतो, आणि व्हीसीओ त्याला आपल्या गेननं गुणतो. २.२ ते ४.४ गिगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा एकाच कंट्रोल व्होल्टेजच्या अडीच व्होल्टात बसवायचा म्हटला तर गेन होतो ९०० मेगाहर्ट्झ पर व्होल्टच्या आसपास. एडीएफ ४३५१ वाल्यांनी काय केलंय, तीन व्हीसीओ, प्रत्येकात १६ एकमेकांवर चढलेले बँड, आधी योग्य बँड निवडायचा आणि मग फक्त थोडंसं ट्यून करायचं, त्यामुळं गेन ४० वर आला. २७ डीबीचा फरक त्या रेझिस्टरच्या नॉइजमधे. एका वेळी एकच व्हीसीओ चालू असतो म्हणून करंट वाढत नाही, वाढते ती चिपवरची जागा. नॉइज आणि पॉवरच्या भांडणात जागा हा तिसरा खिसा आहे, बऱ्याच युक्त्या त्यातूनच पैसे काढतात.

आता स्वतः चिप डिझाइन करणाऱ्यांसाठी व्हीसीओच्या पोटात शिरू. लीसन यांनी १९६६ मधे दिलेलं सूत्र अजूनही वापरात आहे, त्यात नॉइज पॉवरच्या उलट प्रमाणात कमी होतो पण टँकच्या (इंडक्टर आणि कपॅसिटरच्या जोडीच्या) क्यूच्या, म्हणजे ती जोडी किती कमी ऊर्जा वाया घालवते त्या आकड्याच्या, वर्गाच्या उलट प्रमाणात. म्हणजे इंडक्टरचा क्यू १० वरून १४ वर नेला तर तेवढेच ३ डीबी मिळतात जेवढे करंट दुप्पट करून मिळाले असते. वरचा जाड मेटल वापरा, इंडक्टरच्या खाली नक्षी कापलेली ग्राउंड शील्ड घाला, आजूबाजूला मेटलची रिंग चिकटवू नका, ही कंटाळवाणी लेआउटची कामं आहेत पण बॅटरी यांचे पैसे मागत नाही.

आणि करंट वाढवूनही काही मिळत नाही अशी एक हद्द असते. सुरुवातीला करंट वाढवला की स्विंग (लहरीची उंची) वाढतो आणि नॉइज उतरतो. मग स्विंग सप्लायला जाऊन टेकतो. त्यानंतर ओतलेला करंट स्विंग वाढवत नाही, ट्रान्झिस्टर मात्र खोलवर ट्रायोड रीजनमधे, म्हणजे जिथं ते रेझिस्टरसारखे वागतात तिथं, जाऊन टँकलाच लोड करतात, म्हणजे क्यू पडतो आणि नॉइज उलटा वाढतो. सिम्युलेशनमधे करंट स्वीप करून तो गुडघा कुठं आहे ते बघा, अनेक डिझाइन त्या गुडघ्याच्या पलीकडे आरामात बसलेली असतात आणि त्यांचा करंट कमी केला तर नॉइज सुधारतो.

हजिमिरी आणि ली यांनी १९९८ मधे अजून एक सुंदर गोष्ट दाखवली. नॉइजचा धक्का लहरीच्या शिखरावर बसला तर फक्त उंची बदलते आणि ती थोड्या वेळात आपोआप सावरते, पण तोच धक्का लहर शून्य ओलांडत असताना बसला तर फेज सरकते आणि ती परत कधीच मूळ जागी येत नाही. म्हणजे नॉइज किती आहे यापेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं. मग लोकांनी डोकं लावलं, ट्रान्झिस्टरनं करंट द्यायचाच आहे तर तो शिखराच्याच वेळी बारीक पल्समधे देऊ दे, शून्याजवळ गप्प बसू दे. मझ्झांती आणि अँड्रियानी यांचा २००८ चा क्लास सी ऑसिलेटर म्हणजे हेच, त्याच करंटमधे थिअरीनुसार ३.९ डीबी सुधारणा. त्याआधी २००१ मधे हेगाझी, श्योलंड आणि अबिदी यांनी टेल करंटच्या (ऑसिलेटरच्या ट्रान्झिस्टर जोडीला मिळणाऱ्या करंटच्या) वाटेवर दुप्पट फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला इंडक्टर कपॅसिटर ठेवून तिथून येणारा नॉइज अडवला होता. इंडक्टरला करंट लागत नाही, जागा लागते. परत तोच तिसरा खिसा.

एन चा भुंगा मुळातूनच काढता येईल का? येतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात गाओ, क्लुम्परिंक, नाउटा या मंडळींनी २००९ मधे सब सॅम्पलिंग पीएलएल दाखवला. त्यात मुख्य वाटेवर डिव्हायडरच नाही, क्रिस्टलच्या एजवर व्हीसीओची साइन थेट सॅम्पल करायची, साइन शून्यावर असेल तर फेज बरोबर, वर किंवा खाली असेल तर तेवढी चूक. व्हीसीओची साइन क्रिस्टलच्या मानानं प्रचंड तिरपी असते त्यामुळं पिकोसेकंदाच्या चुकीचंही दणदणीत व्होल्टेज मिळतं, आणि चार्ज पंपचा नॉइज त्यापुढं बापुडा होतो. डिव्हायडरचा नॉइजही गेला आणि लॉक झाल्यावर त्याची पॉवरही गेली. २.२ गिगाहर्ट्झला २०० किलोहर्ट्झवर -१२६ डीबीसी पर हर्ट्झ, ०.१५ पिकोसेकंद जिटर, ७.६ मिलीवॅट, आणि हे सगळं ०.१८ मायक्रॉनच्या सीमॉसमधे, जे तेव्हासुद्धा जुनंच होतं. अडचण एकच, असा डिटेक्टर क्रिस्टलच्या कुठल्याही पटीला बरोबर म्हणून लॉक होऊन बसेल, म्हणून सोबतीला डिव्हायडरवाला एक साधा लूप लागतो जो आधी योग्य फ्रिक्वेन्सीपर्यंत हात धरून नेतो आणि मग बाजूला होतो.

फ्रॅक्शनल मोडचं सिग्मा डेल्टा प्रकरण मी इथं मुद्दाम उघडत नाही, ते एका लेखाचं काम आहे, फक्त फ्रिक्वेन्सी इंटीजरच्या अगदी जवळ पडत असेल तर स्पर, म्हणजे बाजूला उगवणारी नको असलेली रेषा, लूपच्या आत येतो आणि तो फिल्टरनं जात नाही, तेव्हा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल निवडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

कुणी तुम्हाला आपला पीएलएल लई भारी म्हणून दाखवला तर जिटरचा वर्ग गुणिले पॉवर हा एकच आकडा विचारा. नुसता करंट ओतून जिटर कमी केलेला असेल तर हा आकडा तसाच राहतो, कारण एक जेवढा घटतो तेवढाच दुसरा वाढतो. डोकं वापरलेलं असेल तरच तो खाली येतो.

आणि मोजताना एक बघा, साध्या स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या आतही एक पीएलएलच बसलेला असतो, त्याचा स्वतःचा फेज नॉइज डेटाशीटमधे दिलेला असतो. तुमचा खांदा -१०४ ला असेल आणि अॅनालायझर त्या ऑफसेटला -१०० देत असेल तर बोर्डावर काहीही केलं तरी स्क्रीनवरची रेषा -१०० च्या खाली जाणार नाही.